घरातल्या चौघांसाठी एक .२२ बंदूक: कुठली घ्यावी?

उशिराचा_पाऊस

मंडळी, विषय बघून दचकू नका. परवाना, रेंजचं सभासदत्व, घरात भिंतीला पक्कं केलेलं लोखंडी कपाट, सगळी तयारी झालेली आहे. घोडं अडलंय ते घ्यायचं काय यावर.

आम्ही चौघं. मी ४६ वर्षांचा, जवळचा चष्मा नुकताच लागलाय. बायको पाच फूट एक इंच. मुलगा १५ चा, यंदा माझ्यापेक्षा उंच झाला आणि त्याची त्याला भारी मिजास. मुलगी ११ ची, अंगाने किरकोळ. क्लबची रायफल चौघांनी चालवून पाहिली. तिघांना मजा आली. मुलीला मात्र दस्ता (खांद्याला टेकायचा मागचा भाग) एवढा लांब पडला की नेम धरताना तिची मान बगळ्यासारखी पुढे आली होती. पाच गोळ्या झाल्यावर "हात दुखतोय" म्हणून बाजूला बसली ती बसलीच.

शिकार नाही, स्पर्धा नाही. २५ आणि ५० मीटरवर कागद, अधूनमधून लोखंडी थाळ्या. माझा बेत असा: चौघांत मिळून एक रुगर १०/२२, म्हणजे .२२ ची सेमी-ऑटो रायफल, आणि जोडीला एक .२२ पिस्तूल. मुलाने कुठेतरी .१७ एचएमआर या दुसऱ्या, वेगवान काडतुसाचे व्हिडिओ पाहिलेत, तो तेच धरून बसलाय. अनुभवी लोकांनी कान उपटावेत.

गंजलेला_खटका

उत्तर तुम्हीच लिहून ठेवलंय: मुलीची मान.

घरात एकच बंदूक येणार असेल तर ती सगळ्यात लहान नेमबाजाच्या मापाची घ्यायची. आखूड दस्त्यावर मोठा माणूस थोडा आखडून उभा राहतो, पण नेम लागतो. लांब दस्त्यावर लहान मूल मागे रेलतं, कंबर पुढे काढतं, सगळं वजन डाव्या हातावर घेतं आणि दहा गोळ्यांत दमतं. मग घरचे म्हणतात, हिला आवड नाही.

बटच्या, म्हणजे दस्त्याच्या टोकाच्या, मागच्या कडेपासून चापापर्यंतचं अंतर मोजा. मोठ्यांच्या रायफलला ते साधारण १३.५ इंच असतं. तुमच्या मुलीला ११.५ ते १२ च्या आसपास लागेल. दुकानात घेऊन जा, कोपर काटकोनात दुमडायला सांगा, बट कोपराच्या खोबणीत टेकवा. तर्जनीचं पहिलं पेर चापावर सहज पोचलं तर माप बरोबर. बोट ताणावं लागलं तर ती रायफल परत ठेवा, मग ती कितीही नामांकित असो.

आणि बोल्ट घ्या, म्हणजे दर गोळीला हाताने बोल्ट मागे-पुढे ओढून भरायची रायफल. सेमी-ऑटो नंतर.

उडता_गालिचा

खटकासाहेब, आदर आहेच, पण १०/२२ ला असं एका ओळीत उडवू नका हो. १९६४ पासून बनतेय. सव्वादोन-अडीच किलो वजन, दहा गोळ्यांचं गोल मॅगझिन, आणि जगात दुसऱ्या कुठल्या .२२ ला इतके सुटे भाग मिळत नसतील. दस्ता बदला, नळी बदला, ट्रिगर बदला. आखूड दस्त्याचं मॉडेलही येतं. पोरांना लोखंडी थाळ्या टणाटण वाजवायला आवडतं. प्रत्येक गोळीला बोल्ट ओढायला लावलंत तर १५ वर्षांचा मुलगा दुसऱ्या रविवारी येणार नाही.

गंजलेला_खटका

पंधराचा येईल. माझी काळजी अकराच्या मुलीची आहे.

सेमी-ऑटोत पहिली गोळी सुटली की दुसरी आपोआप नळीत येऊन बसते. मुलाचा नेम लागतो, ते आनंदाने उडी मारतं, आणि त्या क्षणी हातातली बंदूक भरलेली असते, चाप तयार असतो. बोल्टमध्ये गोळी सुटल्यावर नळीत नवी गोळी नसते. पुढची भरायची तर मुलाला हात हलवून ठरवावं लागतं. शिवाय बोल्ट मागे ओढलेला असेल तर दहा पावलांवरून मला दिसतं की नळी रिकामी आहे. शिकवणाऱ्याला याहून मोठी सोय नाही.

१०/२२ च घ्यायची असेल तर पहिले तीन-चार महिने मॅगझिनमध्ये एका वेळी एकच गोळी. गालिचाराव, एवढं मान्य?

उडता_गालिचा

मान्य. मी पण माझ्या पुतण्याला तसंच शिकवलं होतं, आता आठवलं. :)

अक्षांश_रेखांश

मुलाच्या .१७ एचएमआरबद्दल थोडं लिहितो, कारण तो हट्ट मीही एकेकाळी केलाय.

ही सगळी रिमफायर मंडळी, म्हणजे काडतुसाच्या बुडाच्या कडेत स्फोटक मसाला असतो, पिन त्या कडेवर आपटते. .२२ शॉर्ट १८५७ चं. आपण ज्याला नुसतं '.२२' म्हणतो ते लाँग रायफल १८८७ चं. .२२ मॅग्नम १९५९ चं. .१७ एचएमआर अगदी अलीकडचं, २००२ चं. मॅग्नमच्याच काडतुसाचं तोंड आवळून केलेलं. १७ ग्रेनची (साधारण १.१ ग्रॅमची) इवलीशी गोळी सेकंदाला २,५०० फुटांवर जाते, त्यामुळे शंभर मीटरपर्यंत जवळजवळ सरळ रेषेत. व्हिडिओत झकास दिसतं. पण तुम्हाला ५० मीटरवर कागद फोडायचाय. तिथे या वेगाचा काडीचा उपयोग नाही. आवाज जास्त, काडतूस कितीतरी महाग, आणि चौघांनी मिळून सकाळी दोनशे गोळ्या झाडायच्या असतील तर प्रत्येक गोळी मोजत बसाल. शिकायला गोळ्या भरपूर झाडाव्या लागतात, म्हणून .२२ लाँग रायफल.

लाँग रायफलमध्येही 'हाय व्हेलॉसिटी' लिहिलेल्या खोक्याला भुलू नका. स्टँडर्ड व्हेलॉसिटीची ४० ग्रेनची गोळी सेकंदाला साधारण १,०७० फुटांनी निघते, आवाजाच्या वेगाच्या जरा खाली. हाय व्हेलॉसिटी निघते आवाजापेक्षा जास्त वेगाने, आणि वाटेत हवेमुळे मंदावून आवाजाच्या वेगातून खाली उतरते. त्या उतरणीत गोळी डगमगते. कागदावरचा भोकांचा झुपका संथ गोळीचाच घट्ट येतो. सेमी-ऑटोत मात्र काही वेळा संथ गोळीने बोल्ट पुरता मागे जात नाही. हा बोल्ट रायफलच्या बाजूने आणखी एक मुद्दा, कोणी मोजत असेल तर.

एक इशारा. घरात कधी मॅग्नमची बंदूक आलीच, तर लाँग रायफलची काडतुसं त्यात घालू नका. मॅग्नमचं काडतूस बसायचं घर रुंद असतं, काडतूस आत ढिलं बसतं आणि फुटतं. दोन्ही खोकी वेगळ्या कप्प्यात.

उशिराचा_पाऊस

.१७ चा निकाल लागला. मुलाला हा प्रतिसाद वाचायला दिला, "हं" म्हणाला. ही त्याची शरणागती.

आता नेमाचं सांगा. मला नळीच्या टोकावरची माशी (नेम धरायचा उंचवटा) धूसर दिसते. लक्ष्य स्पष्ट दिसतं. चष्मा लावला की उलटं. स्कोप (नेमाची दुर्बीण) लावू का सरळ?

गंजलेला_खटका

माशी, मागची खाच आणि लक्ष्य अशा तीन अंतरांवरच्या वस्तू डोळ्याला एकदम स्पष्ट दिसत नाहीत. चाळिशीनंतर तर नाहीच. मागे खाचेऐवजी बारीक छिद्राचं साइट लावा. छिद्रातून पाहिलं की डोळ्याला आपोआप खोली मिळते, माशी आणि लक्ष्य दोन्ही बऱ्यापैकी स्पष्ट होतात. लहान मुलालाही हेच सोपं: छिद्रात माशी, माशीवर काळा गोळा, संपलं. खाचेत माशीची उंची जुळवायचं गणित राहत नाही.

स्कोप वाईट नाही. पण पहिल्याच दिवशी दिलात तर मूल फक्त फुली कशी थरथरते ते बघत बसतं, आणि फुली मधोमध आली की चाप झटक्यात ओढतं. ही सवय सोडवायला वर्ष जातं. घ्यायचाच असेल तर रिमफायरसाठीचा घ्या. त्याचा पॅरॅलॅक्स (डोळा हलला की फुली लक्ष्यावर सरकल्यासारखी दिसते ते) साधारण ५० यार्डांना जमवलेला असतो. मोठ्या रायफलींचे १०० यार्डांना असतात, आणि ते २५ मीटरवर डोळा जरा हलला की नेम सरकवतात.

शिंपल्यातला_मोती

पाऊसदादा, मुलीची मान वाकडी होते म्हणालात. दस्ता लांब असेलच, पण एकदा तिचा डोळाही तपासा. माझ्या मुलीच्या बाबतीत आम्ही सहा महिने दस्त्याला दोष देत होतो. ती उजव्या हाताची, पण डावा डोळा बलवान. उजव्या खांद्यावर बट टेकवून डाव्या डोळ्याने बघायचं तर मान तशीच होणार.

दोन्ही हात लांब करून तळव्यांमध्ये छोटी तिकोनी फट करायला सांगा, दोन्ही डोळे उघडे ठेवून दूरची एखादी वस्तू त्यात धरायला सांगा, मग हात हळूहळू चेहऱ्याकडे आणायला सांगा. फट ज्या डोळ्याशी येईल तो बलवान. उलटा निघाला तर नवीन मुलीला सरळ डाव्या खांद्यावरून शिकवावं. हात शिकतात, डोळा हट्टी असतो. मोठ्या माणसाची सवय पक्की झालेली असेल तर चष्म्याच्या काचेवर धूसर टेपचा छोटा तुकडा लावतात, डोळा मिटायला लावत नाहीत. मिटलेल्या डोळ्याने चेहरा आवळला जातो.

कानांचंही बघा. ".२२ ला काय आवाज" असं रेंजवर ऐकाल. रायफलचा आवाज १४० डेसिबलच्या घरात जातो, आखूड नळीच्या पिस्तुलाचा त्याहून वर. लहान डोक्यावर मोठ्यांचे इअरमफ नीट बसत नाहीत, चष्म्याच्या काडीपाशी फट राहते. आमच्याकडे आत फोमचे बोळे, वर मफ.

आणि शिसं. गोळी शिशाची, मसाल्यातही शिसं. रेंजवर काही खायचं-प्यायचं नाही, निघताना साबणाने हात-तोंड धुवायचं, घरी आल्यावर ते कपडे वेगळे धुवायचे. बायका गरोदर असताना रेंज बंद. यात नाजूकपणा काही नाही, सरळ रक्तात जाणारी गोष्ट आहे.

नवखा_नेमबाज

तिकोनी फट आत्ता करून पाहिली. ३४ वर्षं ज्या डोळ्यावर विश्वास ठेवला तो दुय्यम निघाला. धागा वसूल.

बिनपाण्याची_विहीर

कोणी एअर रायफल म्हणेना म्हणून मीच म्हणतो. 'छर्ऱ्याची बंदूक म्हणजे खेळणं' असं वाटत असेल तर आठवा, २००८ मध्ये बीजिंगला अभिनव बिंद्राचं सुवर्ण १० मीटर एअर रायफलचंच होतं. त्या लक्ष्यावरचा दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो. छर्रा ४.५ मिलिमीटरचा. म्हणजे ठिपका छर्ऱ्याच्या नवव्या भागाएवढा. खेळणं म्हणा आता.

कुटुंबासाठी फायदा असा की आवाज कमी, धक्का जवळजवळ नाही, आणि दहा मीटर जागेत रोज सराव होतो (ज्याच्या त्याच्या देशाचा कायदा आधी वाचून, काही ठिकाणी ठरावीक ताकदीवरची एअर रायफलही परवान्यात येते). .२२ ची एक फेरी रविवारी, छर्ऱ्यांचा सराव रोज वीस मिनिटं. चार महिन्यांत फरक दिसेल.

घेताना एक चूक टाळा. नळी मोडून स्प्रिंग ताणायची एअर रायफल स्वस्त असते म्हणून मुलीसाठी घेऊ नका. ती ताणायला मोठ्या माणसाचं बळ लागतं, आणि छर्रा सुटताना आतला पिस्टन पुढे-मागे असे दोन हिसके देतो. दरवेळी सारख्याच हाताने धरली नाही तर छर्रा दरवेळी वेगळीकडे. नेम शिकायला ही सगळ्यात अवघड बंदूक आहे, आणि आपण ती सगळ्यात लहान मुलाच्या हातात देतो! त्यापेक्षा आधी हवा भरून ठेवायची, म्हणजे पीसीपी, घ्या. छर्रे चपट्या तोंडाचे, कागदाला स्वच्छ गोल भोक पडतं, गुण मोजायला भांडण होत नाही.

लोखंडी बीबी (गोल मणी) मात्र नकोत. कडक वस्तूवर आपटून त्या सरळ तोंडाकडे परत येतात.

अक्षांश_रेखांश

विहीरभाऊंना दुजोरा. पण .२२ चाही मान राखा, २०२४ मध्ये पॅरिसला स्वप्निल कुसाळेचं कांस्य ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये .२२ रायफलीवर आहे. गुडघ्यावर, आडवं, उभं. आणि तिथला दहाचा गोल १०.४ मिलिमीटर. पाऊससाहेब, मुलांना हे स्पर्धेचे कागद पहिल्या दिवशी लावू नका. हात-रुंदीचा पांढरा कागद आणि मध्ये रुपयाएवढा काळा ठिपका, पुरे.

वळणावरचा_दगड

पिस्तुलाबद्दल कोणी बोललं नाही अजून. मी बोलतो, आणि हे मला लिहायला सोपं नाही.

माझा मुलगा तेव्हा तेरा वर्षांचा होता. रायफल दोन वर्षं व्यवस्थित चालवत होता, म्हणून .२२ पिस्तूल दिलं. पाचव्या की सहाव्या गोळीला थाळी पडली. तो आनंदाने माझ्याकडे वळला. "बाबा, बघितलंत?" हात त्याच्यासोबत वळला. नळी माझ्या पोटावर होती, पिस्तूल भरलेलं होतं. बोट चापाबाहेर होतं, कारण ती एक सवय दोन वर्षांत अंगात मुरली होती. तेवढ्यावर निभावलं.

रायफल लांब असते, वळताना बाजूच्या मेजाला अडते, दोन हात गुंतलेले असतात. पिस्तूल मनगटासोबत फिरतं. मुलाची काही चूक नव्हती. मी उजव्या बाजूला मागे उभा होतो. मी त्याच्या खांद्याला हात लागेल इतका जवळ असायला हवा होतो. त्यानंतर आमच्याकडे नियम: पिस्तुलात एक गोळी, शिकवणारा एका हाताच्या अंतरावर, आणि आनंद व्यक्त करायचा तो आधी पिस्तूल मेजावर ठेवून.

शिंपल्यातला_मोती

दगडदादा, हे लिहिलंत त्याबद्दल आभार. आज रात्री घरी वाचून दाखवणार आहे.

गंजलेला_खटका

म्हणून पिस्तूल दुसऱ्या वर्षी. माशी आणि खाच यांच्यात एक वीत अंतर असतं, त्यामुळे हाताची बारीकशी चूकही लक्ष्यावर मोठी होते. नवख्याला निराशाच पदरी येते.

आता एक गोष्ट जी काडतुसाच्या खोक्यावर नीट कोणी वाचत नाही. .२२ ची गोळी ५० मीटरवर कागद फोडून थांबत नाही. उंच कोनातून सुटली तर ती दीड किलोमीटरच्या पलीकडे जाऊ शकते. मागे मातीचा बंधारा नसेल तिथे थाळी टांगायची नाही. थाळी थोडी पुढे झुकलेली हवी, म्हणजे शिशाचे तुकडे जमिनीत जातात, आणि चष्मा सगळ्यांच्या डोळ्यांवर, बघणाऱ्यांच्यासुद्धा.

चाप ओढला आणि नुसतं 'टक' झालं तर? रिमफायरमध्ये हे होणारच, कडेला मसाला सगळीकडे सारखा पसरलेला नसतो. नळी लक्ष्याकडेच ठेवून तीस सेकंद मोजायचे, मग बोल्ट उघडायचा. मुलांना मोठ्याने मोजायला लावा. आमच्याकडची मुलं उलटी मोजतात, तीस-एकोणतीस-अठ्ठावीस, रॉकेट सोडल्यासारखी.

उडता_गालिचा

घरी रिकाम्या .२२ चा चाप ओढायच्या सरावाचं पण सांगा ना. मी ऐकलंय पिन खराब होते.

गंजलेला_खटका

रिमफायरमध्ये काडतूस नसेल तर पिन काही बंदुकांत नळीच्या कडेवर आपटते आणि तिथे खड्डा पडतो. काही नव्या रायफलींना चालतं, माहितीपुस्तिकेत लिहिलेलं असतं. नसेल लिहिलेलं तर भिंतीत स्क्रूसाठी ठोकतात ते प्लास्टिकचे छोटे प्लग, त्यातला बेताचा आकार बरोबर बसतो. दहा-बारा वेळा ओढलं की बदलायचा. खरी काडतुसं त्या खोलीतही नकोत, हे वेगळं सांगायला नको.

उशिराचा_पाऊस

सात आठवड्यांनी परत आलोय. हिशोब देणं भाग आहे.

१०/२२ राहून गेली. पिस्तूल पुढच्या वर्षावर. घेतली ती सीझेड कंपनीच्या ४५७ ची आखूड दस्त्याची बोल्ट, सोबत एकेक गोळी भरायचा साचा. दुकानात चौघांना रांगेने कोपरात बट टेकवायला लावली, दुकानदार हसत होता. बायकोला तशीच बसली. मी आणि मुलगा बटमागे रबरी चकत्या घालून वापरतो, दोन स्क्रू, दोन मिनिटं. मागे छिद्राचं साइट. मला दोन्ही गोष्टी दिसू लागल्या, माशी आणि काळा गोळा. एवढ्यावरच मी खूश होतो.

मोतीताई, तुमचा अंदाज खरा. मुलीचा डावा डोळा. खांदा बदलला आणि पहिल्याच दिवशी मान सरळ. बोल्टची मूठ उजव्या बाजूला असल्यामुळे तिला हात वरून न्यावा लागतो, पण एकेक गोळीच भरायची असल्याने तिला घाई नसतेच.

काडतुसांचे पाच प्रकार आणून प्रत्येकाच्या दहा-दहा गोळ्या आडवं झोपून मारल्या. सगळ्यात महाग होतं ते आमच्या नळीला अजिबात आवडलं नाही. साधं सीसीआय कंपनीचं स्टँडर्ड व्हेलॉसिटी ५० मीटरवर नाण्याएवढ्या जागेत आलं. हे कुणी सांगितलं असतं तर विश्वास ठेवला नसता.

घरात सध्या सगळ्यात चांगला नेम बायकोचा आहे. मुलाला हे पचलेलं नाही. तो आता तिच्यापेक्षा हळू श्वास सोडायचा सराव करतो.

मुलीचा कालचा २५ मीटरचा कागद खाली लावलाय. दहातल्या सात काळ्यात.

गंजलेला_खटका

कागद पाहिला. तीन बाहेरच्या तिन्ही उजवीकडे खाली. डाव्या खांद्यावरून मारते ना? मग चाप ओढताना सगळी मूठ आवळतेय. पुढच्या वेळी लक्ष्याकडे बघू नका, तिच्या डाव्या अंगठ्याकडे बघा.

उशिराचा_पाऊस

बघितला. अंगठा पांढरा पडतो. तिला दाखवल्यावर म्हणाली, "मग आधी का नाही सांगितलं?"